व्हाया रियाध

१९९७ सालच्या पहिल्या तिमाहीतले दोन कागद आहेत. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि लिहिणाऱ्यांना परस्परांची गंधवार्ताही असण्याचे कारण नव्हते. पहिला जानेवारीतला आरएफसी २०६८, म्हणजे एचटीटीपी १.१ या वेबच्या नियमावलीची पहिली अधिकृत आवृत्ती. लेखकांत रॉय फील्डिंग, जिम गेटिस, जेफ्री मोगल, हेन्रिक फ्रिस्टिक आणि टिम बर्नर्स-ली. दुसरा हिजरी २४-१०-१४१७ या तारखेचा, म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यातला, सौदी मंत्रिमंडळाचा ठराव क्रमांक १६३. वेबवरचा निरोप पुढे नेणाऱ्या प्रत्येक मध्यस्थाने त्यावर आपले नाव घातलेच पाहिजे, असे पहिला कागद सांगतो. दुसऱ्याने देशात इंटरनेट आणण्याचे काम रियाधच्या ‘किंग अब्दुलअझीझ सिटी फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी’ या संस्थेकडे सोपवले आणि गृहमंत्रालयाच्या अध्यक्षतेखाली एक कायमस्वरूपी सुरक्षा समिती नेमली. पुढे सुमारे दशकभर सौदी अरेबियात या दोन्ही कागदांचा अंमल एकत्र चालला. त्याचा मागमूस रियाधच्या दफ्तरांपेक्षा परदेशी सर्व्हरांच्या नोंदींत जास्त सापडतो. या लेखाचा आधार बव्हंशी त्याच नोंदी आहेत.

आधी पहिल्या कागदाबद्दल. मध्यस्थाने आपले नाव निरोपाच्या माथ्यावरच्या ज्या ओळीत घालायचे, त्या हेडरचे नाव आरएफसी २०६८ मध्ये ‘व्हाया’. ब्राउझरने पान मागितले आणि ती मागणी वाटेत एखाद्या प्रॉक्सीतून, म्हणजे मध्यस्थ यंत्रातून गेली, की प्रॉक्सीने या ओळीत दोन गोष्टी लिहायच्या: निरोप कोणत्या आवृत्तीच्या एचटीटीपीत मिळाला, आणि आपण कोण. पुढे दुसरा प्रॉक्सी भेटला तर त्याने आपली नोंद आधीच्या नोंदीच्या पुढे जोडायची. उत्तर परत येतानाही तेच. ईमेलच्या ‘रिसीव्हड’ या ओळीशी याचे साम्य आहे असे नियमावली स्वतःच नमूद करते. आपल्याकडच्या जुन्या पाकिटांवर वाटेतल्या प्रत्येक टपाल कचेरीचा शिक्का असायचा, तोच प्रकार. हेतू साधे होते. निरोप गोल गोल फिरत राहू नये, वाटेतल्या कोणाला कोणती आवृत्ती कळते ते समजावे, बिघाड कुठे झाला ते शोधता यावे. पाळत किंवा बंदी यांचा विचार या कलमात दिसत नाही. एक पळवाट मात्र त्यात पहिल्यापासून आहे: यंत्राचे खरे नाव गोपनीय वाटत असेल तर टोपणनाव चालेल. ‘फ्रेड’ हे नाव तिथल्या उदाहरणातच दिलेले आहे.

हा नियम शून्यातून आला नव्हता. १९९४ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या वेब सर्व्हरला प्रॉक्सीची जोड मिळाली. अ‍ॅरी लुओटोनेन आणि केव्हिन आल्टिस यांचा त्याविषयीचा निबंध त्याच वर्षीच्या पहिल्या वेब परिषदेतला आहे. तो प्रॉक्सी आपली ओळख ब्राउझरच्या नावाला शेपूट जोडून देत असे. त्या काळच्या लॉगमध्ये मोझॅक किंवा नेटस्केपच्या नावानंतर ‘व्हाया प्रॉक्सी गेटवे सर्न-एचटीटीपीडी ३.०’ अशी ओळ दिसते. दुसऱ्याच्या नावाखाली आपली सही, असला हा कारभार. नंतरच्या मसुद्यांत त्यासाठी ‘फॉरवर्डेड’ नावाची वेगळी ओळ सुचवली गेली आणि तिच्यात दोन कप्पे होते: निरोप कोणी पुढे पाठवला, आणि कोणासाठी. १९९७ च्या नियमात यातला पहिला कप्पा ‘व्हाया’ या नावाने टिकला. दुसरा गळला. मध्यस्थाने स्वतःचे नाव सांगणे सक्तीचे झाले, आणि ज्याच्यासाठी तो काम करतो त्याचे नाव नियमाबाहेर राहिले. सौदीच्या पुढच्या कथेतला सगळा गुंता या गळलेल्या कप्प्यात आहे असे माझे मत आहे.

रियाधच्या संस्थेने इंटरनेटसाठी ‘इंटरनेट सर्व्हिसेस युनिट’ नावाचा विभाग उभा केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो आयएसयू म्हणून ओळखला जाई. १९९८ च्या अखेरीस आणि १९९९ च्या आरंभी परवानाधारक सेवादात्यांमार्फत सामान्य लोकांना जोडण्या मिळू लागल्या. सेवादाते अनेक, पण देशाबाहेर पडण्याची वाट एकच, आयएसयूची. देशात येणारी सगळी वेब वाहतूक प्रॉक्सी यंत्रांच्या एका ताफ्यातून जाते आणि तिथे बंदी असलेल्या पत्त्यांची यादी तपासली जाते, असे आयएसयूने आपल्या संकेतस्थळावर उघड लिहून ठेवले होते. याद्यांचे दोन प्रकारही त्यात स्पष्ट केलेले होते. अश्लील मजकुराची यादी हा विभाग स्वतः सांभाळी. बाकीच्या बंद्या सुरक्षा यंत्रणांच्या सांगण्यावरून होत. त्यांत निवड करण्याचा अधिकार आपल्याला नाही, आपण फक्त अंमल करतो, असा खुलासा सोबत होता.

इतक्या सरळ भाषेत सरकारी विभागाने बंदीचा खुलासा केलेला मी फारसा पाहिलेला नाही. तो वाचून मनात येते की हे लोक मुळात अभियंते होते, आणि अभियंत्यांच्या सवयीने त्यांनी यंत्रणेची रचना सांगून टाकली. ही सवय यंत्रांच्या नावांतही उतरली होती.

जगभरच्या सर्व्हरांच्या जुन्या लॉगमध्ये १९९९ पासून पुढे काही वर्षे एका विशिष्ट साच्याची नावे येतात. आधी ‘कॅश’, त्याला जोडून एक अंक, मग आडवी रेघ, मग दुसरा अंक; नंतर ‘आरयूएच’ किंवा ‘जेईडी’; शेवटी आयएसयू डॉट नेट डॉट एसए. पहिली तीन अक्षरे रियाधच्या विमानतळाची खूण, दुसरी जेद्दाच्या. शेवटची दोन देशाची. या यंत्रांचे अंकी पत्ते बहुधा २१२.१३८ ने सुरू होतात आणि तो पट्टा याच संस्थेच्या नावे होता. म्हणजे कुठल्याही परक्या सर्व्हरला कळायचे की ही मागणी साठवण करणाऱ्या एका यंत्रातून आली आहे, ते यंत्र रियाधला किंवा जेद्दाला आहे, अमुक गटातले अमुक क्रमांकाचे आहे आणि सरकारी विभागाचे आहे. रत्नागिरीहून जेद्दाला नोकरीला गेलेल्या एखाद्याने पुण्यातल्या एखाद्या वेबसाइटची पाहुण्यांची वही उघडून दोन ओळी लिहिल्या असत्या, तर त्याच्या नावाशेजारी त्या वहीने जेद्दाच्या त्या कॅशचेच नाव टिपले असते. ‘शोध घेण्यासाठी’ पत्ता नोंदवणाऱ्या अशा वह्या त्या काळी घरोघरच्या संकेतस्थळांवर होत्या.

इथे पुराव्याची प्रतवारी लावणे भाग आहे, कारण एका मागणीवरून कळणाऱ्या चार गोष्टींची विश्वासार्हता चार प्रकारची असते.

सर्वांत भक्कम म्हणजे अंकी पत्ता. उत्तर त्याच पत्त्यावर परत पोचायचे असते, त्यामुळे खोट्या पत्त्याने पान मागवून वाचता येत नाही. लॉगमधला पत्ता आयएसयूच्या पट्ट्यातला असेल तर जोडणी तिथूनच झाली होती, इतके निःशंक म्हणता येते. दुसरी गोष्ट त्या पत्त्याचे नाव. ते मागणीबरोबर येत नाही. सर्व्हर ते उलट्या दिशेने विचारून घेतो, आणि नाव ठरवणे पट्ट्याच्या मालकाच्या हाती असते. त्यामुळे ‘आरयूएच’ हे अक्षरशः मालकाचे निवेदन आहे. यंत्र खरोखर रियाधला होते याचा तो थेट पुरावा नव्हे, पण मालकाला ते तसे सांगायचे होते याचा नक्कीच आहे. तिसरी गोष्ट ‘व्हाया’ ही ओळ. ती मध्यस्थ स्वतः लिहितो, टोपणनावाने लिहू शकतो, आणि आधीच्या साखळीतल्या नोंदी एकत्रही करू शकतो. अंतर्गत यंत्रांची नावे बाहेर जाऊ देऊ नयेत, असा सल्ला तर नियमावलीच देते. चौथी गोष्ट सगळ्यांत कच्ची आणि सगळ्यांत हवीशी: ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’. गळलेल्या ‘कोणासाठी’ या कप्प्याची जागा भरून काढण्यासाठी स्क्विड या प्रॉक्सीच्या कर्त्यांनी ही ओळ प्रचारात आणली. तिच्यात मूळ माणसाचा पत्ता असतो, पण ती कोणीही, अगदी ब्राउझरसुद्धा, मनाला येईल ते घालून पाठवू शकतो. स्क्विडमध्ये ती बंद केली की पत्त्याऐवजी ‘अननोन’ असा शब्द जातो. ‘व्हाया’ बंद करण्याची कळही स्क्विडमध्ये आहे, आणि ती सुरू ठेवणेच नियमाला धरून आहे, अशी समज तिच्या माहितीपत्रकात दिलेली आहे.

सौदीच्या बाबतीत पहिल्या दोन गोष्टी इतक्या बोलक्या होत्या की बाकीच्या दोन्हींची फारशी गरज पडली नाही. २००२ च्या मे महिन्यात हार्वर्डच्या बर्कमन केंद्राचे जोनाथन झिट्रेन आणि बेंजामिन एडेलमन यांनी अमेरिकेत बसून सौदीतल्या प्रॉक्सींमार्फत सुमारे ६० हजार पाने मागवून पाहिली. त्यांतली २,०३८ अडवलेली निघाली. आयएसयूची यंत्रे त्या वेळी सिक्युअर कॉम्प्युटिंग या अमेरिकी कंपनीचे ‘स्मार्टफिल्टर’ वापरत. अडवलेल्या पानांत अश्लील मजकुराशी संबंध नसलेली बरीच होती. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा अमेरिकी इतिहासातील स्त्रियांवरचा विभागही त्यांत सापडला. या अभ्यासाची चर्चा नेहमी यादीतल्या नावांवरून होते. माझ्या विषयाच्या दृष्टीने त्याचे मोल वेगळे आहे: बंदीची चाचणी परदेशातून घेता आली, कारण अडवणारे यंत्र पत्ता असलेले, नाव असलेले, दार ठोठावता येण्याजोगे होते.

अडवलेल्या जागी येणारे पानही गप्प नव्हते. मागितलेल्या पत्त्यावर प्रवेशाला परवानगी नाही, असे ते अरबीत आणि इंग्रजीत सांगायचे आणि खाली बंदी उठवण्याची विनंती करण्यासाठी अर्ज असायचा. पान सापडत नाही किंवा सर्व्हर बंद आहे, असा खोटा बहाणा त्यात नव्हता. त्याच सुमारास आपल्याकडे काय होते तेही आठवावे. १९९९ च्या कारगिल युद्धात विदेश संचार निगमने पाकिस्तानच्या ‘डॉन’ या वृत्तपत्राचे संकेतस्थळ अडवले, आणि वाचकाच्या पडद्यावर ते पान नुसते उघडेनासे झाले. चतुर वाचकांनी परदेशी प्रॉक्सींमार्फत तो डॉन वाचलाही. निगमने कोणाच्या आदेशाने काय अडवले, हे सांगणारे पान तेव्हा नव्हते. बंदीच्या व्याप्तीत दोन देशांची तुलना होणार नाही, पण नाव सांगण्यात रियाध पुढे होते, हे कबूल करायला हवे.

या उघडेपणाची किंमत मात्र सौदी वापरकर्त्याने मोजली. बाहेरच्या जगाला मध्यस्थ लख्ख दिसत होता आणि त्याच्या आडचा माणूस मुळीच दिसत नव्हता. लाखो लोक मूठभर पत्त्यांआड एकवटले होते. एका खोडकराने कुठे गोंधळ घातला आणि त्या संकेतस्थळाने पत्त्यावर बंदी घातली, की त्या कॅशमागच्या सगळ्यांनाच दार बंद. पुढच्या मागणीला दुसरे कॅश लागले तर पुन्हा उघडे. शेजारच्या कतारमध्ये याचे टोक गाठले गेले. तिथला जवळजवळ संपूर्ण देश कतार टेलिकॉमच्या एका पत्त्यामागे होता. २००६ च्या अखेरच्या दिवशी विकिपीडियाच्या एका व्यवस्थापकाने उपद्रवी संपादनांमुळे तो पत्ता अडवला आणि नववर्षाच्या बातम्यांत ‘विकिपीडियाने अख्ख्या कतारवर बंदी घातली’ असे मथळे झळकले. प्रत्यक्षात वाचनावर बंदी नव्हती, निनावी संपादनावर होती, आणि ती लवकरच उठलीही. विकिमीडियाच्या स्वयंसेवकांनी सेवादात्यांना ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ पाठवण्याची विनंती करण्याची मोहीम चालवली. जे प्रॉक्सी ती ओळ प्रामाणिकपणे भरतात त्यांची एक विश्वसनीय यादी त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवली जाते. म्हणजे कच्च्या पुराव्याला वजन कधी द्यायचे, तर तो देणारा मध्यस्थ ओळखीचा असेल तेव्हाच. न्यायालयात ऐकीव साक्षीचे होते तसेच.

माणूस दिसावा ही मागणी निरागस नाही, हेही इथेच नोंदवतो. विकिपीडियाला हवा असलेला पत्ता इतर कोणालाही हवा असू शकतो, आणि गृहमंत्रालयाच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या देशात तर त्याचा अर्थ आणखी वेगळा. ऑपेरा सॉफ्टवेअरच्या आंद्रेआस पीटरसन आणि मार्टिन निल्सन यांनी जून २०१४ मध्ये आरएफसी ७२३९ लिहून ‘फॉरवर्डेड’ ही जुनी ओळ पुन्हा आणली, तेव्हा ‘कोणासाठी’ हा कप्पा सतरा वर्षांनी नियमात परतला. त्यात खऱ्या पत्त्याऐवजी खालच्या रेघेने सुरू होणारे बनावट ओळखनाम किंवा ‘अननोन’ लिहिण्याची मुभा आहे, ती याच धास्तीपोटी.

दरम्यान सौदीतली रचना बदलली. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात गाळणीचे काम दूरसंचार नियामक आयोगाकडे गेले, बाहेर जाण्याच्या वाटा सेवादात्यांकडे वाटल्या गेल्या आणि रियाध-जेद्दाच्या क्रमांकित कॅशांची नावे लॉगमधून ओसरत गेली. स्मार्टफिल्टर कायम होते. २००८ मध्ये त्याची मूळ कंपनी मॅकाफीने घेतली. गाळणी करणारे यंत्र आता अनेक ठिकाणी होते आणि ते आपण कोणाचे हे सांगत नव्हते. हवे असेल तर ते ओळखावे लागत होते.

ओळखणाऱ्यांनी मग जी साधने वापरली ती गमतीची आहेत. जानेवारी २०१३ मध्ये टोरोंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने ब्लू कोट या अमेरिकी कंपनीच्या उपकरणांचा जगभर शोध घेतला. शोदान नावाचे शोधयंत्र इंटरनेटवरच्या यंत्रांची प्राथमिक उत्तरे साठवून ठेवते. त्यात कंपनीच्या उत्पादनांच्या खुणा शोधायच्या आणि मग स्वतः पडताळायच्या, अशी पद्धत. प्रॉक्सीएसजी हे ब्लू कोटचे प्रॉक्सी उपकरण इजिप्त, कुवेत, कतार, संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबिया इथे आढळले. त्याच कंपनीच्या पॅकेटशेपर या दुसऱ्या उपकरणाच्या यादीत सौदीबरोबर भारतही आहे. ब्लू कोटचे प्रॉक्सी मागणीत ‘एक्स-ब्लूकोट-व्हाया’ नावाची स्वतःची ओळ घालते आणि तिच्यात अक्षरे-आकड्यांची एक ओळखखूण असते. निरोप गोल फिरू नये, हाच तिचाही हेतू. १९९७ चा नियम कंपनीने आपल्या सोयीने पुन्हा लिहिला, इतकेच. फक्त त्या ओळीतून यंत्र कोणत्या कारखान्याचे ते कळते, ते कोणाच्या हुकमात आहे ते कळत नाही. आयएसयूच्या नावांत नेमके उलटे होते.

त्याच वर्षीच्या एका शोधनिबंधात जाकुब डालेक, हेल्मी नोमान, फिलिपा गिल आणि सहकाऱ्यांनी याहून पक्की रीत वापरली. हेडरमधल्या खुणा पुसता येतात, म्हणून त्यांनी स्वतः नवी संकेतस्थळे थाटली, त्यांतली काही मॅकाफीकडे तिच्याच वर्गवारीसाठी सादर केली आणि काही दिवसांनी सौदीतल्या सेवादात्यांच्या जाळ्यातून उघडून पाहिली. सादर केलेली अडली, न केलेली उघडली. यादी मॅकाफीचीच आहे हे त्यातून सिद्ध झाले. यंत्राने एक शब्द न बोलता ते ओळखले गेले. माझ्या मते या सगळ्या साहित्यातला हा सर्वांत निर्दोष पुरावा आहे, कारण तो कोणाच्याही निवेदनावर अवलंबून नाही.

नियमावल्या या बदलाकडे बघत होत्याच. जून २०१४ च्या आरएफसी ७२३० ने ‘व्हाया’ची सक्ती कायम ठेवली, आणि वापरकर्त्याच्या निवडीशिवाय वाटेत बसणारे प्रॉक्सी तांत्रिक पातळीवर मधल्यामध्ये घुसलेल्या हल्लेखोरापासून वेगळे ओळखता येत नाहीत, असे रोखठोक वाक्यही त्यात आले. फेब्रुवारी २०१६ मध्ये टिम ब्रे यांचा आरएफसी ७७२५ आला. कायदेशीर कारणाने पान अडवले असेल तर ४५१ हा संकेत द्यावा आणि ‘ब्लॉक्ड-बाय’ या दुव्यात अडवणाऱ्याचे नाव सांगावे, असे तो म्हणतो. त्यातली एक बारीक अट ठराव क्रमांक १६३ शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे: हे नाव प्रत्यक्ष अंमल करणाऱ्याचे असावे, आदेश देणाऱ्याचे नव्हे. आयएसयूच्या पानाने हेच केले होते, संकेत ४५१ अस्तित्वात येण्याच्या पंधरा-सोळा वर्षे आधी. समितीतल्या कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या पानावर बोट ठेवले, हे ना त्या पानावर होते, ना ‘ब्लॉक्ड-बाय’ला ते हवे आहे.

आज बहुतेक वेब वाहतूक कूटबद्ध असते. वाटेतल्या यंत्राला हेडर वाचताही येत नाही, मग त्यात आपले नाव घालणे दूरच. २०२० मध्ये फातिमा अल्हर्बी, मिखालिस फालूट्सोस आणि नाएल अबू-गझालेह यांनी सौदीतल्या गाळणीची जी मोजणी प्रसिद्ध केली, तिच्यात दोन थर दिसतात. साध्या एचटीटीपीवर अडवणूक होते. कूटबद्ध जोडणीत सुरुवातीच्या हस्तांदोलनात संकेतस्थळाचे नाव उघडे जाते, ते वाचून जोडणी तिथेच तोडली जाते, आणि अशा वेळी परवानगी नाही असे सांगणारे पान घुसवायला जागाच राहत नाही. जून २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये ‘व्हाया’चे कलम अजून आहे, भाग ७.६.३ मध्ये, जवळजवळ त्याच शब्दांत. प्रॉक्सीने ते पाळलेच पाहिजे. जोडणी तोडणारे यंत्र निरोप पुढे नेतच नाही, तेव्हा या कलमाच्या व्याख्येत ते बसत नाही.